गाणी वहीत अडकू नयेत
शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक दिला, तोही सहावी ते आठवीत १००हून अधिक मुले असतील तरच. पहिली ते पाचवीचे संगीत त्यामुळे बहुतेकदा वर्गशिक्षकाच्याच गळ्यात, आणि त्याला पेटी येतेच असे नाही. म्हणून शेजारच्या शाळेतल्या बाईंनी भोंडल्याच्या गाण्यावर बसवलेला टाळ्यांचा खेळ केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत करून दाखवला जावा. नुसती ध्वनिफीत पाठवून भागत नाही. मुले कुठे अडखळतात, ते तिच्यात ऐकू येत नाही. अशाने सगळीकडे एकच साचा होईल, ही भीती अगदीच पोकळ नाही. पण भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत छापल्या, म्हणून घराण्यांची गायकी काही एकसारखी झाली नाही. मालवणी बोलणारा वर्ग आणि अहिराणी बोलणारा वर्ग तोच खेळ आपापल्या ठेक्यात घेतील.