हास्यातून स्मरणाकडे

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी आटोपून बोईसरच्या घरी परतलेला बाप रविवारी सकाळी अंथरुणाला पाठ टेकण्याऐवजी मुलांशेजारी दूरदर्शन संचासमोर बसतो. पडद्यावरच्या एका वेडगळ प्रश्नावर मुलांच्या आधी तोच खदखदून हसतो. हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आलेली आई काय झाले म्हणून विचारते आणि तीही तेथेच टेकते. वरवर पाहता ही सुट्टीच्या दिवशीची साधी करमणूक. परंतु पडद्यावर जर तिलका मांझी किंवा राणी चेन्नम्मा यांची कथा चालू असेल, तर त्या घरात करमणुकीपलीकडचे काहीतरी घडत असते. दोन पिढ्या एकत्र बसून आपल्या पूर्वजांचे चरित्र ऐकत असतात, आणि कोणी कोणाला ते ऐकण्याची सक्ती केलेली नसते.

‘भारत हैं हम’ या व्यंगपटमालिकेने हे साधले, याची नोंद घेतली पाहिजे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या केंद्रीय संचार विभागाने ग्राफिटी स्टुडिओज या संस्थेच्या साह्याने ही मालिका तयार केली आणि 15 ऑक्टोबर 2023पासून ती दूरदर्शनवर दाखवली जाऊ लागली. दोन पर्वे, एकूण 52 भाग, प्रत्येक भाग 11 मिनिटांचा. मराठीसह 12 भारतीय आणि 7 विदेशी भाषांत ती सिद्ध झाली. क्रिश, त्रिश आणि बाल्टीबॉय हे तीन खेळकर कथेकरी एकेका स्वातंत्र्यवीराची गोष्ट सांगतात. उल्लाळची राणी अब्बक्का, खासी टेकड्यांतील तिरोत सिंग, ऐंशीच्या घरातले कुंवरसिंह, मणिपूरचे टिकेंद्रजित ही नावे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे क्वचितच आढळत. राजवटींच्या सनावळ्या तोंडपाठ झाल्या. त्या राजवटींशी झुंजणारी माणसे मात्र समासातही आली नाहीत. त्यामुळे या भागांसमोर पालक रमतात ते केवळ विनोदामुळे नव्हे. यांतील अनेक नावे त्यांच्याही कानांवर प्रथमच पडत असतात. शाळेत जे मिळाले नाही, ते त्यांना मुलांच्या निमित्ताने मिळते.

इतिहासात विनोद कशाला, हा आक्षेप येथे काही ज्येष्ठ मंडळी घेतील. ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या कथेत थट्टामस्करी त्यांना रुचत नाही. या आक्षेपामागील भावना आदरणीय आहे, पण परंपरेचा आधार त्याला नाही. महाराष्ट्राने आपला इतिहास आणि आपले पुराण शतकानुशतके ज्या कीर्तनातून ऐकले, त्या कीर्तनात हास्याला मानाचे स्थान होते. उत्तररंगातले आख्यान रंगू लागले की बुवा श्रोत्यांना आधी हसवीत. मने सैलावली की त्याच श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे करीत. लोकमान्यांच्या काळात डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तनाची वाट घालून दिली, तेव्हा देवळाच्या सभामंडपात हसत बसलेल्या माणसांपर्यंतच स्वराज्याचा विचार पोचला. संस्कृत नाटकाने विदूषकाला राजाच्या शेजारी बसवले, दशावताराने संकासुराला रंगमंचावर नाचवले. भाव गंभीर असला म्हणजे मुद्राही सदैव गंभीर असली पाहिजे, असे या संस्कृतीने कधी मानले नाही.

प्रश्न आहे तो हसायचे कोणावर याचा. हुताम्यावर हसणे हा अपराध होय. परंतु मूठभर अंमलदार एवढ्या मोठ्या देशाचे आपण मालक आहोत असे समजत, कापडाचा एक ध्वज फडकताना दिसला की त्यांचे हातपाय लटपटू लागत, या विसंगतीवर हसणे हा अपराध नाही. सत्ता भयावर उभी असते आणि हास्य भयाचा नाश करते. ज्या दिवशी लोक राज्यकर्त्याच्या रुबाबाला हसू लागतात, त्या दिवसापासून त्याचे राज्य आतून पोखरले जाऊ लागते. जे बालक आज परकीय अधिकाऱ्याच्या गर्वाला हसते, ते उद्या कोणत्याही दांडगाईपुढे सहजासहजी मान तुकवणार नाही.

पाश्चात्त्य जगातील उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये टेरी डियरी यांच्या पुस्तकांवरून बीबीसीने 2009 साली ‘हॉरिबल हिस्टरीज’ ही बालमालिका सुरू केली. राजांचे हट्ट, शहरांतील घाण, वैद्यांचे अघोरी उपचार यांची मनसोक्त टर उडवणारी ही मालिका पालकांनीही डोक्यावर घेतली आणि मोठ्यांच्या विनोदी कार्यक्रमांच्या पंक्तीत तिला पुरस्कार मिळाले. मात्र तिचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी एक भेद ध्यानी घ्यावा. इंग्रज मुलाच्या सभोवती त्याच्या इतिहासाचे पुतळे, वस्तुसंग्रहालये आणि स्मारके पावलोपावली उभी असतात. जे त्याला आधीच ठाऊक आहे, त्यावर तो हसतो. ज्याला आपला इतिहास पुरेसा सांगितला गेला आहे, त्याला त्यावर हसणे परवडते. ज्याला तो सांगितलाच गेला नाही, त्याला हसवत हसवत तो आधी सांगावा लागतो. हे काम अकरा मिनिटांत संपणारे नाही. तेथे त्याचा केवळ आरंभ होतो.

आणि खरी चिंता येथेच आहे. पडदा विझल्यावर पुढे काय? पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील घरांना हा प्रश्न विशेष लागू पडतो, कारण पडद्यावर जे दिसते ते त्यांच्या दाराशी घडलेले आहे. राणी अब्बक्का सोळाव्या शतकात ज्या पोर्तुगीजांशी लढली, त्याच पोर्तुगीजांचा अंमल या किनाऱ्यावर दोनशे वर्षे होता. चिमाजी आप्पांच्या सैन्याने जानेवारी 1739मध्ये तारापूरचा किल्ला घेतला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर तेथे धारातीर्थी पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई शरण आली. 1969मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले म्हणून आज तारापूरचे नाव देशभर घेतले जाते, आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्याच तारापुरात मराठी सैन्याने रक्त सांडले होते, हे अणुऊर्जा वसाहतीतील किती मुलांना कोणी सांगितले असेल?

त्याहून जवळची, त्याहून जिव्हाळ्याची कथा पालघरच्या हुतात्मा चौकात आहे. ‘छोडो भारत’ची घोषणा होऊन आठवडाही उलटला नव्हता. 14 ऑगस्ट 1942 रोजी गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर चालून आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी. पाच माणसे, पाच गावे. आडनावे वाचली तरी उमगते की ते एका जातीचे वा एका वाड्याचे नव्हते. समाज जेव्हा आपले लहान लहान कप्पे विसरून उभा राहतो, तेव्हा त्याचे रूप कसे असते, हे या पाच नावांतून जितके स्पष्ट दिसते तितके शंभर व्याख्यानांतून दिसणार नाही. बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेशातून, बिहारमधून पोटासाठी आलेली शेकडो कुटुंबे आज येथेच स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांना ‘तिवारी’ हे आडनाव परके वाटणार नाही. ही भूमी आपलीही आहे आणि तिचे ऋण आपल्यावरही आहे, याचा बोध त्यांना त्या चौकात उभे राहून जितका सहज होईल, तितका अन्यत्र होणे कठीण.

हा दिवस पालघर विसरलेले नाही. दरवर्षी 14 ऑगस्टला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. तथापि स्मरण आणि उपचार यांतील अंतर प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. शाळेच्या गणवेशातली मुले रांगेत उभी असतात, लांबलेली भाषणे चालू असतात, पावसाची सर येते आणि मुलांचे लक्ष छत्रीकडे जाते. दोष मुलांचा नाही. ज्यांच्यावर सांगण्याची जबाबदारी आहे, त्यांनी सांगण्याची कला गमावली आहे. राष्ट्रकार्यात आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या बाबतीत आत्मपरीक्षण करावे. बालशाखेत ज्या दिवशी गोष्ट असते त्या दिवशी मुले हलत नाहीत, आणि ज्या दिवशी बोजड बौद्धिक असते त्या दिवशी ती घड्याळाकडे पाहतात, हा अनुभव कोणाला नाही? जे बाल्टीबॉयला जमते, ते गावातल्या शिक्षकाला, आजीला, शाखेच्या मुख्य शिक्षकाला का जमू नये? त्यांच्यापाशी तर पडद्यापेक्षा मोठे सामर्थ्य आहे. ते मुलाचे बोट धरून त्याला त्या जागेवर नेऊ शकतात.

काळही आता फारसा हातात उरलेला नाही. 1942 साली जे दहा वर्षांचे होते, त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. ‘मी त्या दिवशी पाहिले’ असे सांगणारा आवाज लवकरच कायमचा थांबेल. त्यानंतर उरेल ते दगडावर कोरलेले नाव आणि घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट. दगड आपणहून बोलत नाही. त्याच्या वतीने कोणाला तरी बोलावे लागते. हे काम मुंबईतला स्टुडिओ करील, दिल्लीतले मंत्रालय करील, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. 52 भागांत अवघा देश बसवताना प्रत्येक तालुक्याचे हुतात्मे त्यात येणार नाहीत, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचेही कारण नाही. पडद्याने रीत दाखवली. आशय गावाने पुरवायचा आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर येथील प्रत्येक शाळेने आपापल्या हुतात्म्यावर अकरा मिनिटांचे नाटुकले मुलांकडूनच बसवून घ्यावे. ते मुलांनीच लिहावे, त्यात अंमलदाराची भंबेरीही उडावी आणि शेवटी सभागृह स्तब्धही व्हावे. गणेशोत्सव मंडळांनी एका वर्षीचा देखावा तारापूरच्या किल्ल्याला द्यावा. वसाहतींतील भजनी मंडळांनी वर्षातून एकदा राष्ट्रीय कीर्तन ठेवावे. मात्र एक पथ्य सर्वांनी पाळावे : विनोदासाठी घटना वाढवू नये आणि गौरवासाठी खोटे रचू नये. या पाच जणांच्या सत्यकथेला अलंकाराची गरज नाही. शिवाय खोट्याचा उलगडा झाला की मूल खऱ्यावरही विश्वास ठेवीनासे होते.

आणि पालकांनी? त्यांनी मुलांसोबत मनमुराद हसावे. पहाटेची गाडी पकडून मुंबईला जाणाऱ्या आणि रात्री उशिरा परतणाऱ्या आईबापांना मुलांच्या सहवासाचे जे थोडे क्षण मिळतात, त्यांत अशा हास्याला मोल आहे. परंतु हसून झाल्यावर संच बंद करावा आणि त्याच रविवारी मुलाला घेऊन हुतात्मा चौकात जावे. पाच नावे त्याला मोठ्याने वाचायला लावावीत. तो विचारील, हे कोण होते? त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे एवढी तयारी मात्र घरून करून जावे.