जीपचा गिअरबॉक्स बदलला, पण शाफ्टचे काय?



या वेळी खत-बियाणे बाजूला ठेवून जीपबद्दल लिहितो आहे. बार्शीकडच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. घरात वडिलांच्या वेळची तीन गिअरची पेट्रोल जीप. मुलाने हौसेने तिला चार गिअरचा बॉक्स बसवला. गिअर आता लोण्यासारखे पडतात, पण गाडी चाळीसच्या पुढे गेली की खालचा पत्रा थरथरतो आणि खड्ड्यात चाक गेले की मागून 'ठक्' असा आवाज येतो. त्यांनी विचारले आहे की, बॉक्स परत करावा काय?

बॉक्सला लगेच दोष देऊ नका. आधी गाडीखाली वाकून प्रॉपेलर शाफ्ट बघा. बॉक्स बदलला आणि शाफ्ट जुनाच ठेवला, असेच झाले असणार.

आपल्याकडे ही गाडी फार जुनी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. १९५३ साली अमेरिकेत निघालेली सीजे-३बी तिकडे १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढेही वर्षानुवर्षे बनत राहिली. म्हणून आजही कित्येक वाड्यांच्या पडवीत एखादी उभी दिसते. तिच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय नीट पडत नाही. चढावर, भरल्या गाडीत, हा मोठाच त्रास. तेव्हा बॉक्स बदलावासा वाटणे गैर नाही.

आता रचना समजून घ्या. इंजिन, त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स आणि त्याला चिकटून ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. या पेटीतून एक शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला जातो, दुसरा पुढच्या. चार गिअरचा बॉक्स सहसा तीन गिअरच्या बॉक्सपेक्षा लांब असतो. समजा तो दोन इंच लांब आहे. मग ट्रान्स्फर केस दोन इंच मागे सरकली. मागचा शाफ्ट दोन इंच आखूड हवा आणि पुढचा दोन इंच लांब. एकाच कामात दोन शाफ्ट बिघडतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागचा तेवढा कापून आणतात आणि पुढचा 'ओढून बसला' म्हणून सोडून देतात.

शाफ्टच्या मधला सरकता जोड, म्हणजे दात्यांचा स्लिप जॉइंट, उगाच दिलेला नाही. पाटे दबले-उघडले की दोन टोकांमधले अंतर बदलते, ते हा जोड सांभाळतो. जुना लांब शाफ्ट कोंबून बसवला की जोडाला सरकायला जागाच उरत नाही. खड्ड्यात पाटा दबला की तो आत टेकतो आणि सगळा धक्का ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगवर नाही तर डिफरन्शियलच्या पिनियनवर बसतो. बार्शीच्या जीपचा 'ठक्' बहुधा हाच. उलट शाफ्ट आखूड पडला तर दाते थोडेच गुंततात, चाक लोंबकळले की जोड सुटून येतो.

म्हणून माप घेण्याची रीत पाळा. आधी नवा बॉक्स आणि ट्रान्स्फर केस कायमच्या जागी बसवा, खालचा आधारही मागे सरकवून पक्का करा. मग गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या वजनासह उभी करा. जॅकवर उचललेल्या गाडीचे माप निरुपयोगी, कारण तेव्हा हाउसिंग खाली लोंबते. एका टोकाच्या क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. एवढी लांबी असताना सरकता जोड आत टेकायला निदान एक इंच जागा शिल्लक हवी. नंतर गाडीची चौकट उचलून चाके लोंबकळू द्या आणि पुन्हा मोजा. त्या वेळीही दात्यांची गुंतण निदान दांड्याच्या जाडीइतकी राहिली पाहिजे. ही दोन्ही मापे कागदावर लिहून लेथवाल्याकडे न्या. क्रॉसचे मापही व्हर्नियरने घ्या. नव्या बॉक्सबरोबर ट्रान्स्फर केसही दुसरी आली असेल तर तिचे तोंड आणि जुना क्रॉस जुळेलच असे नाही.

आता थरथरीकडे वळू. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन २० अंशांचा असेल तर हा फरक दोन्हीकडे साधारण सहा टक्क्यांचा होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक फेडतो, पण दोन अटींवर. शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. सरकता जोड उघडून पुन्हा घालताना एक दाता जरी पुढेमागे झाला तरी रेष चुकते. म्हणून उघडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करा. खडूची खूण ग्रीसमध्ये पुसली जाते. कोन मोजायला सुताराकडची कोन दाखवणारी लेव्हल चालते, आता मोबाइलमध्येही ती सोय असते. सीजे-३बीचा मागचा शाफ्ट मुळातच आखूड. तो आणखी आखूड झाला की कोन आणखी उभा होतो. मग पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून डिफरन्शियलचे तोंड थोडे फिरवावे लागते. हे जाणत्या मिस्त्रीचे काम आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट गावातच कापून घेतला असेल आणि तो चाललाही असेल. जीपला तो हिशेब लावू नका. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. जीप वरच्या गिअरमध्ये ताशी ५५-६० किलोमीटरने जाते तेव्हा तिचा शाफ्ट मिनिटाला २,४०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४० फेरे घेतो. फेरे साडेचार पटींच्या जवळ गेले, पण एका बाजूला जास्त असलेल्या वजनाचा हिसका फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे जवळजवळ वीसपट होतो. नळी केसभर वाकडी जोडली गेली तरी तो हिसका बेअरिंग खातो. तेव्हा गावातल्या वेल्डिंगवर समाधान मानू नका. नळी लेथवर कापून, सरळ जोडून, यंत्रावर बॅलन्स करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि अशी सोय आता बऱ्याच मोठ्या शहरांत मिळते. नळीवर डागलेली पत्र्याची छोटी चकती दिसली तर ती 'कुणी काय चिकटवले' म्हणून छिन्नीने उडवू नका. ते बॅलन्सचे वजन असते.

जोडलेला शाफ्ट पुढच्या टोकाला तुटला तर ते टोक रस्त्यावर पडून रुतते आणि मागून ढकलणारी गाडी त्यावर चढते. म्हणून शाफ्टच्या पुढच्या भागाखाली लोखंडी पट्टीची कडी चौकटीला बोल्टने बसवून घ्या. खर्च फार नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ऐकून ठेवावी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक लावूनही गाडी मोकळीच. फोर व्हील लावलेले नसेल तर गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. उताराच्या अंगणात असा शाफ्ट सोडला आणि मिस्त्री गाडीखालीच असेल, तर काय होईल ते सांगायला नको. शाफ्टचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी चारही चाकांना मागेपुढे मोठे दगड लावा आणि पोरांना तिथून दूर पाठवा.

बार्शीच्या वाचकांनी आधी मागच्या शाफ्टची शिल्लक जागा मोजावी, मग खुणा आणि कोन पाहावेत, आणि बॅलन्स शेवटी. शाफ्ट बसल्यावर क्रॉसच्या निप्पलातून चारही बाजूंनी ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा, आणि पाचशे किलोमीटर झाले की टोकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.