उपरण्याखालचा भाव

शेतमालाच्या पेठेत एके काळी अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या हलणाऱ्या कापडाकडे नुसता पाहत असे. असल्या प्रकारांना आळा घालण्यासाठी कायदे करावे लागले; मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा १९६३ साली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या संघीय न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी गूगल कंपनीविरुद्ध जो निर्णय दिला, तो पाहता त्या उपरण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संकेतस्थळांच्या जाहिरातींची जागा विक्रीस मांडणारे साधन गूगलचे, आणि जेथे त्या जागेचा लिलाव होतो ती पेढीही गूगलचीच. या दोन्ही ठिकाणी कंपनीने बेकायदा मक्तेदारी राखली आणि एकीचे दावे दुसरीच्या गळ्यात अडकविले, असे न्यायालयाने म्हटले. जाहिरातदारांच्या बाजूच्या साधनांविषयीचा सरकारचा आरोप न्यायालयाने मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यापूर्वीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या व्यवसायातही हीच कंपनी मक्तेदार असल्याचा निष्कर्ष काढलेला होता. म्हणजे पेठेकडे जाणारा रस्ता तिचा, काटा तिचा आणि उपरणेही तिचेच!

हा वाद अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा आहे, त्याचे आपणास काय, असे वाचकास वाटण्याचा संभव आहे. ते खरे नाही. आपल्याकडे ज्यांनी नोकरी सांभाळून किंवा नोकरी सोडून मराठीत पाककृतींचे, शेतीच्या सल्ल्याचे, स्पर्धापरीक्षांच्या तयारीचे, गडकोटांच्या माहितीचे संकेतस्थळ उभे केले, त्यांचा प्रपंच याच पेठेवर चालतो. गूगलने २००३ साली ‘ॲडसेन्स’ नावाची योजना काढली. संकेतस्थळाच्या पानावर कंपनी जाहिरात लावील आणि उत्पन्नातील मोठा वाटा चालकास देईल, अशी ती योजना. हा वाटा दीर्घकाळ शेकडा ६८ होता, आणि तो वाईट नव्हता. हिंदी पानांस ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली. मराठीची पाळी त्याच्याही काही वर्षे मागाहून आली. आपल्या भाषेत लिहून चार पैसे मिळतात, ही गोष्ट मराठी लेखकास इतकी अपूर्व होती की, त्या पैशाच्या अटी काय आहेत याची चौकशी करण्याचे भान फारसे कोणास राहिले नाही.

अटी अशा नव्हत्याच. जे होते ते अलिखित होते. शोधयंत्राने लेखकाचे पान विनामूल्य वाचावे, त्याची नोंद ठेवावी आणि त्या मोबदल्यात विचारणाऱ्या वाचकास त्या पानाकडे पाठवावे. वाचक आला की जाहिरात दिसेल आणि जाहिरात दिसली की दोघांचीही कमाई होईल. पाव शतक हा व्यवहार बहुतांशी चालला. पण कोणते पान वर आणि कोणते खाली हे ठरविण्याचे नियम एकाच पक्षाच्या हाती होते व तो ते वेळोवेळी बदलीत असे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा जो बदल झाला, त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांच्या उत्तरांवर झाल्याचे कंपनीनेच सांगितले. त्या वेळी ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांतील पुष्कळांविषयी आम्हांस हळहळ वाटत नाही. मजुरीने हजारो पोकळ लेख लिहवून घेऊन त्यांवर जाहिराती चिकटविणारे कारखाने तेव्हा बोकाळले होते, आणि त्यांना चाप लावणे वाचकाच्या हिताचेच होते. दोष आहे तो निराळ्या ठिकाणी. सुक्याबरोबर ओलेही जळाले, तर त्या ओल्याने दाद कोठे मागावी, याची काहीच व्यवस्था नव्हती. सप्टेंबर २०२३ मधील फेरबदलानंतर स्वतः वस्तू वापरून, प्रवास करून लिहिणारी कितीतरी लहान संकेतस्थळे अशीच कोसळली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील काही चालकांना कंपनीने आपल्या मुख्यालयात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. ऐकून घेतले, इतकेच. गेलेला वाचक परत येईल असे आश्वासन त्यांना मिळाले नाही.

येथवरचा प्रश्न क्रमवारीचा होता. वरचे पान खाली गेले तरी खालचे कोणाचे तरी वर येत होते. वाचक कोणाच्या तरी दारी पोहोचत होता. मे २०२४ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भारतात गूगलने शोधाच्या पानाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश देण्यास प्रारंभ केला, तेव्हा मूळ व्यवहारच बदलला. आता यंत्र दहा जणांची पाने वाचते, त्यांचा अर्क काढते आणि वाचकास उंबरठ्यावरच तृप्त करून परत पाठविते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील सुमारे ९०० प्रौढांच्या प्रत्यक्ष शोधांची पाहणी केली. सारांश नसेल तेव्हा १५ टक्के वेळा लोक खालच्या एखाद्या दुव्यावर गेले. सारांश असेल तेव्हा अवघे ८ टक्के वेळा. सारांशातच दिलेल्या मूळ स्रोतांकडे वळण्याचे प्रमाण तर १ टक्का. शोधातून होणाऱ्या क्लिकची एकूण संख्या जवळजवळ स्थिर आहे आणि येणारा वाचक अधिक आस्थेचा आहे, असे कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. पण एकूण संख्या स्थिर असणे आणि ती कोणास किती मिळाली, या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचे आकडे कंपनीच्या वहीतच राहिले.

याचा अर्थ लहान चालकाच्या घरात कसा होतो? ॲडसेन्सची रक्कम १०० डॉलर साठल्याखेरीज हाती पडत नाही. ज्याचे १०० डॉलर महिन्यास भरत, त्याचा वाचक निम्मा झाला की ते दोन महिन्यांनी भरतात; आणखी घटला की चार महिन्यांनी. संकेतस्थळाचे भाडे आणि विजेचे बिल मात्र पूर्वीच्याच तारखेस येते. मग तो प्रथम नवीन लेख लिहिणे थांबवितो, मागाहून जुने लेख सुधारणे थांबवितो. खताच्या मात्रेवरील किंवा पीकविम्याच्या नियमावरील जुना मजकूर तसाच पडून राहतो आणि यंत्र पुढील सारांश त्यातूनच काढते. जी गाय आटत चालली तिचे दूध कोठवर पुरणार, हा विचार कंपनीने स्वतःच्या स्वार्थासाठी तरी करावयास हवा होता. इंग्रजीत पानांचा साठा अफाट आहे. मराठीत तो मुळातच तुटपुंजा. आणि गूगलची संभाषणवजा शोधाची नवी पद्धत २०२५ च्या उत्तरार्धात मराठीतही येऊन पोहोचली.

‘नको असेल तर नकार द्या’, असे यावर सांगण्यात येते. २०२३ मध्ये कंपनीने आपल्या काही यंत्रांना मजकूर शिकविण्यास मनाई करण्याची सोय केली खरी. पण शोधाच्या पानावरील सारांशास ती लागू नव्हती. सारांश टाळावयाचा तर आपल्या पानाचा शोधात दिसणारा उताराही गमवावा, असा तो पर्याय होता. जेवावयाचे नसेल तर घर सोडा, असे म्हणण्यासारखेच हे झाले. गंमत अशी की, गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनीच १९९८ साली, विद्यार्थी असताना, एका निबंधात बजावून ठेवले होते की जाहिरातीवर पोसलेले शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल. पुढे त्यांनी काय केले ते जगासमोर आहे.

ज्यांच्यापाशी वकिलास देण्यास पैसा आहे, ते न्यायालयात गेले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची मालकी असलेल्या पेन्स्के मीडिया या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये या सारांशांविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरात औपचारिक चौकशी सुरू केली. भारतात स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला आणि जानेवारी २०२२ मध्ये वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवर जाहिरात-उत्पन्नाच्या वाटणीची चौकशी करण्याचा आदेश दिला. तक्रार मोठ्या वृत्तसमूहांच्या संस्थेची होती, आणि वृत्तपत्र या नात्याने आम्हीही त्या हितसंबंधापासून सर्वस्वी अलिप्त नाही, हे कबूल केलेले बरे. म्हणूनच सांगतो की, तडजोड झालीच तर ती बड्या प्रकाशकांपुरती होऊन चालणार नाही. कॅनडात २०२३ च्या कायद्यानंतर गूगलने दरवर्षी १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले, ते वृत्तसंस्थांसाठी. पाककृती लिहिणारी सांगलीची गृहिणी वृत्तसंस्था नव्हे.

आमच्या मते केंद्र सरकारने आणि स्पर्धा आयोगाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. सारांशास नकार देणाऱ्याचे पान शोधातून खाली जाता कामा नये. कोणत्याही संकेतस्थळाचा वाचक एकाएकी तुटला तर त्याचे कारण त्याच्या चालकास त्याच्या भाषेत, ठराविक मुदतीत, लेखी मिळाले पाहिजे. आणि जाहिरातीच्या प्रत्येक लिलावात जाहिरातदाराने किती दिले व चालकाच्या हाती किती आले, हे दोन्ही आकडे त्याला शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. बाजार समितीत हमालासही वाचता येईल अशी पट्टी शेतकऱ्यास देण्याचा नियम आहे. जगातील सर्वांत प्रगत गणकयंत्रे बाळगणाऱ्या कंपनीस ते जड जाऊ नये.