मंत्रचळाचा खाडा

'ओसीडी' शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. टेबल नीट आवरणारा क्वालिटीवाला पण हसत म्हणतो, "मला जरा ओसीडी आहे." ज्याला खरोखर हा आजार आहे, ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, त्याला मात्र भोसरीपासून चाकणपर्यंत एकच ऐकवतात: "रिकाम्या डोक्याचे चाळे."

लाइनवर काम करणाऱ्यांना कळेल असं सांगतो. पार्ट ओके आहे, पण सेन्सर अडकलाय आणि लाल दिवा विझतच नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, आत खोलवरचं कॉडेट आणि थॅलॅमस यांना जोडणारं एक सर्किट असतं. 'काहीतरी चुकलंय' हा इशारा तिथं फिरतच राहतो. हात स्वच्छ आहेत, कुलूप लागलंय, हे त्या माणसालाही माहीत असतं. तरी दिवा लाल.

आता यातली अर्धवट गोष्ट जास्त पसरलीय. सेरोटोनिन कमी पडलं, गोळी घ्या, विषय संपला! गोळीनं बऱ्याच जणांना फरक पडतो, खरंय. पण क्रोसिननं ताप उतरतो म्हणून क्रोसिन कमी पडल्यानं ताप येतो असं थोडंच आहे? शिवाय या आजारात गोळीचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, आणि आपली माणसं पंधरा दिवसांत "काय उपयोग नाय" म्हणून सोडतात. 1992 मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर यांच्या टीमनं मेंदूचे स्कॅन काढले. गोळीनं बरे वाटलेले आणि नुसत्या वर्तनोपचारानं बरे वाटलेले, दोघांच्याही कॉडेटमध्ये बदल दिसला. वर्तनोपचार म्हणजे घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचा नाही. थेरपिस्टसोबत, हळूहळू वाढवत.

पण हे दर आठवड्याला, काही महिने करावं लागतं. कंत्राटी कामगाराला प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा आणि त्या दिवसाचा पगार गेला. (ठेकेदार बरा असेल तर तेवढंच.) 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 सांगतं, विमा शारीरिक आजाराच्या बरोबरीनं द्या. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावर चालतात, आणि मंत्रचळाचा पेशंट सहसा ॲडमिट होतच नाही.

गुरुवारी इथल्या बऱ्याच कंपन्या बंद असतात. त्या दिवशी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात वर्तनोपचाराची ओपीडी ठेवा. युनियनवाल्यांनी पुढच्या करारात थेरपीची पगारी रजा मागावी, कंत्राटी पोरांसकट. तोवर टेलिमानसचा नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.