लेकराला नागपूरला धाडण्याआधी नागपूरला फोन लावा

मोहर्ली म्हटलं की बाहेरच्या जगाला ताडोब्याचं गेट, जिप्सी आणि वाघ आठवतो. आपल्याला आठवतात ती घरं, जिथून कुणीतरी पहाटे मोहफुलं वेचायला गेलं आणि परत आलं नाही. त्या घरात सहा-सात वर्षांचं एखादं लेकरू असतं. पंचनामा होतो, पाहुणे पांगतात. महिनाभरानं ते लेकरू रात्री किंचाळत उठतं, अंथरूण ओलं करतं, शाळेचं नाव काढलं की रडतं. आई त्याला ‘पोट दुखते’ म्हणून आरोग्य केंद्रात आणते. डॉक्टर पोट तपासतात. पोटात काहीच नसतं. मग पुढे काय?

१. डॉक्टरला शंका येते, पण विचारायचं कुणाला? एमबीबीएसच्या अख्ख्या शिक्षणात मानसोपचाराच्या वाट्याला मोजके आठवडे येतात. त्यातही लहान मुलांच्या मनाबद्दल किती शिकवलं जातं ते डॉक्टरांनाच विचारा. ओपीडीत रांग लागलेली असते. डॉक्टर शेवटी चिठ्ठी लिहितात: चंद्रपूरला दाखवा, नाहीतर नागपूरला. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. भामरागडच्या आईला तर आधी गडचिरोलीच गाठायला जवळपास दिवस लागतो. तेंदूपानांच्या हंगामात दोन दिवसांची मजुरी बुडवून, बाकीची पोरं शेजारणीकडे ठेवून ती जाईल? एकदा गेली तरी पंधरा दिवसांनी पुन्हा जाईल? चिठ्ठी कुडाच्या भिंतीत खोचलेली राहते आणि लेकराला पुजाऱ्याकडे नेलं जातं. त्यात आईची काहीच चूक नाही, कारण पुजारी गावात असतो आणि तिचं ऐकून घेतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेला ऐकून घेणारा माणूस गावाजवळ देता आलेला नाही.

२. हे उपकार मागणं नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. प्राथमिक स्तरापासून मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा त्यात हक्क मानला आहे आणि मुलांसाठीच्या सेवांचा वेगळा उल्लेख आहे. कलम ३१ तर सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला मूलभूत आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण द्यायला सांगतं. पुरेसे तज्ज्ञ उभे करण्यासाठी त्याच कलमानं सरकारला दहा वर्षं दिली. ती मुदत २०२८ च्या मे महिन्यात संपते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मानसिक आजार आढळला, म्हणजे साधारण चौदा मुलांमागे एक. पाहणी झालेल्या बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नव्हता, हेही त्याच सर्वेक्षणानं सांगितलं. मुदत संपेपर्यंत प्रत्येक तालुक्याला बालमनोविकारतज्ज्ञ मिळेल यावर कुणाचा विश्वास आहे? तज्ज्ञ येणार नसेल, तर त्याचं ज्ञान आलंच पाहिजे.

३. ते आणता येतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, जिथे हार्वर्ड आहे आणि पैशाची वाण नाही, तिथेही बालमनोविकारतज्ज्ञ पुरत नव्हते. २००४ साली तिथे एक साधी योजना सुरू झाली. मुलांचा नेहमीचा डॉक्टर एका नंबरवर फोन करतो आणि अर्ध्या तासाच्या आत बालमनोविकारतज्ज्ञ त्याच्याशी बोलतो. मूल आपल्याच डॉक्टरकडे राहतं. पुढे इतर अनेक राज्यांनी हीच पद्धत उचलली. इतक्या लांब जायचं नसेल तर गडचिरोलीची सीमा ओलांडा. छत्तीसगडनं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीनं सरकारी डॉक्टरांना दूरसंवादातून मानसोपचार शिकवला. डॉक्टरनं डॉक्टरचा सल्ला घेण्याची वाट २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी मोकळी केली आहे, आणि ई-संजीवनी ही सरकारी सेवा त्याच कामासाठी सुरू आहे. अशा संवादात बरेचदा औषध लागतच नाही. फोनवरचा तज्ज्ञ सांगतो की झोपेची गोळी देऊ नका. आईला सांगा, अंथरूण ओलं केलं म्हणून मारू नको, रात्री जवळ घेऊन झोप. गुरुजींना सांगा, पहिले आठ दिवस अर्धाच दिवस बसवा. पंधरा दिवसांनी मला पुन्हा फोन करा. डॉक्टर हे एका लेकरासाठी शिकतो आणि पुढच्या दहा लेकरांसाठी वापरतो.

४. ‘१४४१६ आहे ना?’ असं कुणी म्हणेल. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मोठ्या माणसांना तिचा आधार आहे. पण माडिया बोलणारं सात वर्षांचं पोर अनोळखी आवाजाला काय सांगणार? त्याच्यासमोर ओळखीची आशाताई हवी, अंगाला हात लावणारा डॉक्टर हवा, आणि त्या डॉक्टरच्या कानाशी तज्ज्ञ हवा. नागरिकांची हेल्पलाइन डॉक्टरांच्या लाइनची जागा घेऊ शकत नाही.

५. वैद्यकीय अधिकाऱ्यांवर आधीच कामाचं ओझं आहे, ही तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पण निदान न झालेलं मूल दर महिन्याला डोकेदुखी, पोटदुखी, आचके घेऊन त्याच ओपीडीत येतं, सलाईन लावून जातं, पुन्हा येतं. हे ओझं कोण मोजतं? शिवाय कौशल्य खाली पोचवता येतं हे या मातीनंच दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गावातली बाई जंतुसंसर्ग झालेलं बाळ ओळखू शकते, तर डॉक्टरला भेदरलेलं मूल ओळखता येणार नाही, हे मला पटत नाही.

६. मुलं शोधणारी माणसंही आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. आश्रमशाळांत तर शेकडो लेकरं आईबापापासून दूर राहतात. एका मुलीला आचके आले, मग चौघींना आले, की शाळा घाबरते आणि पालक पोरींना घरी नेतात. त्यातल्या काही कायमच्या घरी राहतात. पथकानं वजन-उंचीबरोबर झोप, भीती, अबोला विचारला आणि जागेवरून तज्ज्ञाला फोन लावला, तर किती पोरी शाळेत टिकतील! आणि मोहर्लीची ती घरं? वाघानं माणूस मारला की सरकार २५ लाखांची मदत देतं, आणि ती द्यायलाच हवी. पण त्या घरातल्या मुलांची चौकशी करायला पंधरा दिवसांनी कुणी जात नाही. पैसा बँकेत जमा होतो, भीती लेकराच्या उशाशी राहते.

७. जबाबदारी नेमकी कुणाची? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचं आरोग्य खातं चालवतं. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथलं एम्स आणि सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे मनोविकार विभाग आहेत. या तिन्ही संस्थांनी दिवस वाटून घ्यावेत. सोमवार ते शनिवार, ओपीडीच्या वेळेत, फक्त डॉक्टरांसाठी एक नंबर. व्हिडिओ नको, कारण ताडोब्याच्या बफरमधल्या कित्येक गावांत रेंज नसते. साधा कॉल पुरे, आणि जिथे तोही लागत नाही तिथे आरोग्य केंद्रात लँडलाइन द्या. जिल्हा परिषदेच्या सभेत दर तिमाहीला तीन आकडे वाचले जावेत: किती फोन आले, किती मिनिटांत उचलले गेले, किती मुलं पुन्हा शाळेत बसली. आपापल्या गटाच्या सदस्याला हे विचारणं आपलं काम आहे. मार्चमध्ये मोह गळायला लागतो आणि माणसं पुन्हा अंधारात जंगलात शिरतात. त्याआधी तो नंबर मोहर्लीपासून भामरागडपर्यंत प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर चिकटवलेला हवा.