कोलमचे व्याकरण आणि यदृच्छा

संगणकाकरवी काढलेल्या चित्रांविषयी जे लिहिले जाते, त्यात यदृच्छेला अवास्तव महत्त्व दिलेले आढळते. यंत्राला नियम द्यावेत, त्यांत यादृच्छिक संख्यांची भर घालावी आणि जे उमटेल त्यास कला म्हणावे, अशी ही भूमिका. तिचा आरंभ बहुधा 1965 साली श्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांच्या चित्रांच्या प्रदर्शनापासून सांगितला जातो. भारतीय अभ्यासकाने मात्र चेन्नईलगतच्या तांबरमकडेही पाहावयास हवे.

तेथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट व राणी सिरोमनी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह 1974 साली कोलमवर निबंध प्रसिद्ध केला. चॉम्स्की यांच्या व्याकरणात चिन्हांची एक ओळ पुनर्लेखनाने विस्तारत जाते. येथे ओळीच्या जागी चिन्हांची द्विमितीय मांडणी आली, आणि उंबरठ्यापुढे तांदळाच्या पिठाने रेखाटलेली आकृती भाषेच्या पदवीला पोहोचली. (आपल्याकडे रांगोळीत ठिपके जोडतात, कोलमच्या एका प्रकारात रेषा ठिपक्यांना वळसे घालीत जाते व अखेर आरंभबिंदूला येऊन मिळते. हा भेद लहान नव्हे.)

फासा न टाकताही कोलमची विविधता संपत नाही. ती येते रेखाटणाऱ्या स्त्रीच्या निवडीतून: ठिपके किती, रेषा कोठे वळवावी, कोठे सरळ न्यावी. जात्यावरची ओवी अशीच आहे. चरण लांबतो, आखडतो, पण यमक गाठावेच लागते; त्या लवचिकतेला कोणी यदृच्छा म्हणत नाही. उलट यंत्रातील यादृच्छिक संख्या बहुधा सूत्रानेच निर्माण होतात. बीजसंख्या तीच दिली, तर चित्रही हुबेहूब तेच उमटते. ज्याला स्वातंत्र्य म्हटले, तो दृष्टीआडचा नियमच होय.

यदृच्छेतून सौंदर्य उपजत नाही असे मात्र नव्हे. नेस यांच्या ‘शॉटर’ या चित्रातील चौकोनांच्या 22 ओळी खाली उतरता उतरता विस्कटत जातात, आणि ते दृश्य मनात राहते. पण विस्कट किती व कोठून, हे नेस यांनीच ठरविले होते.

त्या निर्णयासाठी त्यांना कलावंत मानले जाते. तोच निर्णय रोज पहाटे घेणाऱ्या मैलापूरच्या गृहिणीची नोंद ‘माहितगार’ म्हणून होते, तीही क्वचित नावानिशी.