वणवा विझवणारे हात

नैनिताल परिसरातील वणवा विझवण्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमताल सरोवराचे पाणी उचलले. त्याचा गाजावाजा झाला. परंतु चीडच्या वाळक्या पानांतून उभ्या चढणीवर धावणारी आग अखेर पाचोळा ओढून, हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवावी लागते. ते काम वनरक्षकांबरोबर हंगामी मजूर करतात. शेजारच्या अल्मोडा जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यात, १३ जून २०२४ रोजी चौघे वणव्यात होरपळून मेले. त्यांत एक रोजंदारीवरचा कामगार होता. या श्रमिकांना बारमाही काम, संरक्षक साधने व विमा, आणि १९३१ च्या नियमांनी मान्यता पावलेल्या वनपंचायतींना निधी व खरा अधिकार मिळालाच पाहिजे. जंगल राखणाऱ्याला वाऱ्यावर सोडून जंगल वाचणार नाही.